पावसाळ्यातला किनारा ओस नसतो
‘१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गोव्याचा किनारा झोपी जातो’ हे लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. बंदी प्रामुख्याने ट्रॉलर आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणाऱ्या) जाळ्यांच्या यांत्रिक नौकांना असते. किनाऱ्यावरच्या माणसांना त्या दोन महिन्यांत उसंत क्वचितच मिळते. पेडण्यातील आमच्या वाड्यावर होडी चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) आडोशाला ओढून घेतली की वडील दिवसभर फाटलेली जाळी विणत बसत, आणि आईने मे महिन्याच्या कडक उन्हात वाळवून ठेवलेले बांगडे व सुंगटे (कोळंबी) यांवरच आमचा आषाढ निभावत असे.

शिवाय याच काळात, २९ जूनला, बार्देशातील शिवोली व कांदोळी येथे होड्या एकमेकींना बांधून सांगोड, म्हणजे तरंगता मंच, सजवतात, त्याचा लेखात साधा उल्लेखही नाही. बंदी १ ऑगस्टला उठते, हे खरे. परंतु नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज जाळे पाण्यात न टाकणारी घरे आमच्या गावात अजूनही आहेत, आणि त्यांचा हंगाम सरकारी तारखेने नव्हे, तर त्या नारळाने सुरू होतो.