‘आधी डॉक्टर द्या, ॲप नंतर’ : फिरत्या मेसेजला उत्तर

आपल्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं : पुढच्या महामारीची तयारी म्हणून गरीब देशांनी आरोग्याची डिजिटल यंत्रणा उभारणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. गावात रेंज नाही, कोरोनात ॲपनं कुणाला वाचवलं नाही, माहिती विकली जाते, आशाताईंचं काम तेवढं वाढतं. त्यापेक्षा डॉक्टर द्या. लिहिणाऱ्याचा राग मला कळतो. पण ह्या सल्ल्यावर चाललो तर फटका आधी आपल्यालाच बसेल.

‘आधी डॉक्टर द्या.’ रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण माकडतापाचं बघा. २०१६ साली तो सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला, पुढे बांदा परिसरात. गोचीड चावून होतो आणि जोर धरतो नेमका काजूच्या हंगामात, माणसं दिवसभर पाचोळ्यात वावरत असताना. सुरुवातीला नुसता ताप, डोकेदुखी, अंगदुखी. समजा, एका वाडीतले पाच जण तापानं पडले. कुणी आरोग्य केंद्रात गेलं, कुणी खासगीत, कुणी थेट गोव्यात. प्रत्येक डॉक्टरला एकच तापाचा रुग्ण दिसला. पाचांची बेरीज करणार कोण? त्यातही माणसांआधी रानात माकडं मरायला लागतात. ती खबर वनखात्याच्या वहीत पडून राहिली, तर गोचीड अंगाला लागू नये म्हणून लावायचं तेल कुठल्या वाडीत आधी वाटायचं, हे उपकेंद्रातल्या सिस्टरला कसं कळणार? डॉक्टर कमी, तिथे ही खबर जास्त मोलाची; आहे तो एकच डॉक्टर कुठे धाडायचा ते तिच्यावर ठरतं.

पश्चिम आफ्रिकेनं याची किंमत मोजली. गिनीतलं पहिलं मूल इबोलानं दगावलं डिसेंबर २०१३मध्ये, आणि हा इबोला आहे हे कळायला मार्च २०१४ उजाडला. साथ संपेपर्यंत ११ हजारांवर माणसं गेली. तिथे प्रयोगशाळांचीही वानवा होती, नुसत्या संगणकानं निभावलं नसतं हे मान्य. पण ते तीन महिने कुणाला काही दिसतच नव्हतं.

‘गावात रेंज नाही.’ खरं आहे. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. म्हणून तर रेंज नसतानाही चालणारी यंत्रणा मागायची. आरोग्याच्या नोंदी ठेवणारं, अनेक गरीब देशांत वापरलं जाणारं डीएचआयएस२ हे सॉफ्टवेअर घ्या : नोंद फोनमध्येच राहते, नेटवर्क मिळालं की वर जाते. परवान्याचा पैसाही लागत नाही. वादळाच्या आठवड्यासाठी कोरे छापील फॉर्म कपाटात असावेत, एवढंच.

‘कोरोनात काय उपयोग झाला?’ श्रीलंकेनं याच डीएचआयएस२वर जानेवारी २०२०मध्ये परदेशातून येणाऱ्यांची नोंद ठेवण्याची सोय उभी केली, आणि तो साचा पुढे अनेक देशांनी उचलला. हे झटपट जमलं, कारण यंत्रणा आधीपासून रोजच्या वापरात होती. कोरोना लशीच्या नोंदणीचं आपलं कोविनही लशींचा साठा सांभाळणाऱ्या ईविन या आधीच्या यंत्रणेच्या पायावर उभं राहिलं. मे २०२१मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना फक्त ऑनलाइन नोंदणीची सक्ती केली, तो मात्र अन्याय होता. फोन नसलेला माणूस रांगेबाहेर राहिला. मग केंद्रावर जाऊन नाव नोंदवण्याची मुभा द्यावी लागली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

‘माहिती विकली जाते.’ भीती रास्त आहे. साथ ओळखायला गाव, वय, लक्षण आणि तारीख पुरते. नाव फक्त पाठपुरावा करणाऱ्याला दिसावं, आणि कुणी कधी पाहिलं याची नोंद राहावी. कोरोनात पॉझिटिव्ह रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या, हे आठवत असेलच. कागदी यादीचा फोटो काढायला पासवर्ड लागत नाही.

राहिला आशाताईंचा मुद्दा, आणि इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. तीच माहिती आधी रजिस्टरात, मग फोनवर, मग महिन्याच्या अहवालात, हा छळ थांबलाच पाहिजे. एकदा भरलेली नोंद परत लिहायला लावू नये. फोन आणि नेटपॅक सरकारनं द्यावा, या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. आणि तिनं कळवलेल्या तापाचं पुढे काय झालं, नमुना कुठे गेला, निकाल काय आला, हे त्याच फोनवर तिला परत कळावं. वाडीतले लोक विचारायला येतात ते तिच्याच दारी.