अनुताई वाघ आणि ‘मानधन’ हा शब्द

सेवानिवृत्तीच्या समारंभात शिक्षकाला शाल-श्रीफळ मिळते, पण त्याने नेमके काय केले हे भाषणांतून क्वचितच कळते. म्हणूनच बालशिक्षणात आयुष्य वेचलेल्या अनुताई वाघ यांच्याविषयी लिहिताना १९८५ ची पद्मश्री मी इथेच सांगून टाकतो आणि कामाकडे वळतो.

१९१० साली जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत त्याच परिसरात राहिल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा पालकांच्या अनास्थेला दोष न देता या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे.

१९५७ नंतर काम डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेले, तेव्हा प्रश्न अधिक बिकट झाला, कारण वारली मुलांच्या मागे गुरे होती आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे. गुरे सोडून मूल शाळेत येणार नाही हे मान्य करून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा भरली. भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, म्हणजे ताईच्या शिकण्याआड बाळ येणार नाही. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने वापरली गेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हेही अनुताईंच्या लेखी शिकवणेच होते. (आजचा कुठला बी. एड. अभ्यासक्रम याला गुण देईल?)

माझ्या मते त्यांचे मोठेपण त्यागापेक्षा या व्यवहारी बुद्धीत अधिक आहे. त्यागाचे गोडवे गायले की शिक्षकाला कमी पैशांत राबवणे सोपे जाते, आणि नेमके तेच पुढे घडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा बोर्डीचा शब्द देशभर नेला. पण ती अंगणवाडी चालवणारी सेविका मात्र ‘मानसेवी’ ठरली आणि तिच्या कष्टाला वेतनाऐवजी मानधन म्हटले गेले. ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठीही लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये तो मान्य झाला.

१७ मार्चला अनुताईंच्या जयंतीनिमित्त त्यांचे छायाचित्र लावणाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंना एकदा विचारावे, की मागच्या महिन्याचे मानधन हाती पडले का.