आधी पासबुक प्रिंटर मोजा

मोठ्या संस्थेनं आधी प्रत्येक मशीनचा डेटा बघावा, मग टप्प्याटप्प्यानं विंडोज बदलावं, हे लेखातलं म्हणणं पटलं. आम्हाला ते फटका खाऊन कळलं.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं आयटी मी बघतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपणार म्हणून एक्सेलमध्ये यादी केली: प्रोसेसर, रॅम, टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप). पास झालं की लाव विंडोज 11 चं अपग्रेड. दुसऱ्या दिवशी जतच्या शाखेत पासबुक प्रिंटर गप्प! ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, जुना. काउंटरवर आजी पासबुक धरून उभ्या, आणि मी सांगलीतल्या विश्रामबागेतून फोनवर "रिस्टार्ट करून बघा" म्हणतोय.

मग मॉडेल आणि ड्रायव्हर मिळून गट पाडले. प्रत्येक गटातलं एकच मशीन आधी अपग्रेड करायचं, दोन आठवडे त्याचे क्रॅश आणि एरर लॉग बघायचे, मगच बाकीची. गंमत म्हणजे टीपीएममध्ये नापास झालेल्या बऱ्याच मशीनमध्ये चिप होती, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होती. नवीन खरेदीचं कोटेशन मागवून बसलो होतो की हो!

आणि हे एकदाच करून सुटत नाही. विंडोज 11 ची नवी आवृत्ती वर्षाला येते, विंडोज 11 प्रो वापरत असाल तर एका आवृत्तीला 24 महिने अपडेट मिळतात. मार्चएंडला मात्र आम्ही कशालाच हात लावत नाही, मशीनची स्थिती दाखवणारा डॅशबोर्ड कितीही हिरवा दिसू दे.

लेखकांना एक विचारायचंय: इंटरनेटची लाइन सारखी तुटणाऱ्या शाखांचा डेटा अर्धवटच येतो, तो हिशेबात कसा धरता?