घोड्याच्या टाचांना जळकं ऑइल लावू नका

पावसाळा लागला की घोडेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर दरवर्षी नव्याने उगवतो. ‘घोड्याच्या टाचेच्या खपल्यांवर २१ दिवसांत खात्रीशीर इलाज, डॉक्टरची गरज नाही.’ खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण, आणि शेवटी ‘मुक्या जनावरासाठी पुढे पाठवा’. आजवर मी तो वाचून सोडून देत होते. यंदा तो माझ्या मामेभावाकडे पोचला आणि त्याने तो सोडून दिला नाही.

माथेरानला त्याची घोडी आहेत. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यावरून प्रवासी न्यायचे तर घोडा चार पायांवर धड उभा हवा. एका घोडीच्या मागच्या टाचांना खपल्या धरल्या होत्या. मजकुरात लिहिलं होतं ते सगळं त्याने इमानेइतबारे केलं आणि तीन दिवस उलटल्यावर मला फोन आला, “ताई, पाय वरपर्यंत सुजलाय गं, टेकवतच नाही.” म्हणून आता एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

मजकूर काय सांगतो ते आधी थोडक्यात. हा रोग हरभऱ्याच्या उष्णतेने होतो. तो फक्त पांढऱ्या पायांना होतो. पाय रोज दोनदा पाइपने धुवावेत. खपल्या तारेच्या घासणीने रक्त निघेपर्यंत घासाव्यात. त्यावर जळकं ऑइल, रॉकेल आणि मोरचूद कालवून चोपडावं, वर ताजं शेण थापून प्लास्टिक गुंडाळावं, तीन दिवस सोडू नये. २१ दिवसांत जनावर बरं होतं. आणि हा रोग माणसाला लागत नाही.

हरभऱ्याचं आधी उरकते, कारण त्यात काही दम नाही. हरभरा बेताने द्यावा हे खरं, पण ते पोटासाठी. टाचेचा आणि हरभऱ्याचा संबंध नाही. दुखणं सुरू होतं ते ओलाव्याने. लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून आपल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तसंच हे. खुराच्या मागे जो खळगा असतो तिथली कातडी पातळ, तिथे चिखल अडकतो आणि वारा लागत नाही. माथेरानच्या लाल मातीत तर बारीक खर असते, ती कातडी ओरबाडते. भिजून मऊ पडलेल्या, ओरबाडलेल्या कातडीत जंतू शिरतात. त्यातला नेहमीचा गुन्हेगार डर्माटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जिवाणू. १९१५ मध्ये तेव्हाच्या बेल्जियन काँगोत जनावरांच्या कातडीवर त्याची पहिली नोंद झाली, म्हणून हे नाव. ही बुरशी नव्हे. त्यामुळे मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणून चोळणाऱ्यांनाही गुण येत नाही. धडधाकट कातडीतून हा जिवाणू सहसा आत जात नाही, त्याला भिजलेली, सोललेली जागा लागते. एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर मजकुरातले निम्मे मुद्दे आपोआप खोटे ठरतात.

आता तारेची घासणी. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. खपल्या निघायलाच हव्यात. जिवाणू खपलीच्या खाली लपून असतो आणि वर कितीही औषध ओता, खपली आहे तोवर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. जवळून पाहिलं तर दिसतं: केसांचा झुबका एकत्र चिकटून रंगाच्या कुंचल्यासारखा उभा राहतो. तो अलगद उचलला तर खपलीसकट येतो, आतल्या बाजूला केसांची मुळं आरपार दिसतात आणि खाली ओली, लालबुंद, पिवळट पुवाची जागा असते. पण ‘निघायला हव्यात’ म्हणजे ‘ओरबाडून काढायला हव्यात’ नव्हे. आत्ताच सांगितलं की जिवाणूला सोललेली कातडी हवी असते. रक्त निघेपर्यंत घासलं म्हणजे तिथे त्याच्यासाठी नवी जागा केली. शिवाय दुखतं. ज्या घोडीला चार दिवस असं घासलं ती पाचव्या दिवशी माणूस मागे गेला की लाथ झाडते, आणि मग मालक म्हणतो घोडी खोडकर झाली. खपल्या आधी भिजवून मऊ करायच्या असतात. निघेल ती काढायची, नाही निघाली ती उद्यावर ठेवायची. अगदीच हात लावू देत नसेल तर पशुवैद्य गुंगीचं इंजेक्शन देऊन हे काम करतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जळक्या ऑइलचा मुद्दा सगळ्यात वाईट, आणि लोकांना सगळ्यात पटतो तोही हाच, कारण आपल्याकडे बैलाच्या खांद्यापासून बकरीच्या खरजेपर्यंत सगळ्याला जळकं ऑइल लावायची सवय आहे. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण असतात, जळून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. घोडा खाजेने पाय चावतो, चाटतो, ते पोटात जातं. रॉकेल कातडीतलं नैसर्गिक तेल काढून घेतं आणि उघड्या जखमेवर भाजल्यासारखी जळजळ करतं, वरून झाकलं तर अधिकच. मोरचूद जखमेवर टाकलं की मांस जाळतं. वाढलेलं मांस जाळायला जुने लोक ते मुद्दाम वापरायचे. मेंढपाळ खुरांच्या सडीवर मोरचुदाच्या पाण्यात मेंढ्या उभ्या करतात, तिथूनच बहुधा ही कल्पना आली असावी. पण ते पाणी पातळ असतं आणि ते खुरासाठी असतं. खूर म्हणजे नखासारखा निबर भाग. टाचेची सोललेली कातडी म्हणजे खूर नव्हे. माझ्या भावाच्या घोडीच्या टाचेवर मी पाहिलं, केसांच्या मुळाशी हिरवट निळा थर बसला होता आणि तो पुसला तसा खालचा पापुद्रा सोबत निघून आला. आधी खपल्या दोन बोटं रुंदीच्या होत्या, आता टाचेचा सगळा मागचा भाग उघडा पडला होता.

आणि हे सगळं लावून वर शेण, वर प्लास्टिक, तीन दिवस. इथे मला राग आवरत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, शेणात असतात, लिदीत असतात. घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. हे जंतू वाढतात ते हवा न पोचणाऱ्या जखमेत. म्हणजे आधी रक्त काढायचं, मग मोरचुदाने मांस जाळायचं, त्यावर शेण थापायचं आणि प्लास्टिकने हवा बंद करायची. धनुर्वात व्हावा म्हणून कोणी ठरवून केलं असतं तरी यापेक्षा वेगळं काय केलं असतं? धनुर्वात झालेला घोडा ज्याने पाहिलाय तो असा मजकूर पुढे पाठवणार नाही. जबडा बसतो, कान आणि शेपूट ताठ होतात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली पापणी डोळ्यावर सरकून येते, चारही पाय फाकवून जनावर लाकडासारखं उभं राहतं आणि जरा आवाज झाला तरी अंगाला झटका येतो. लस टोचलेली नसेल तर बहुतेक घोडी हातची जातात. भावाच्या घोडीला लस टोचलेली होती म्हणून तिच्यावर ती वेळ आली नाही. तिच्या पायात जंतू आत शिरून सूज चढली होती, ताप होता, आणि ते इंजेक्शनांवर निभावलं. तुमच्या घोड्याला धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली हे आठवत नसेल तर आजच विचारा.

गुंडाळण्याबद्दलही एक बारीक गोष्ट मान्य करते. खपल्या मऊ करण्यासाठी काही पशुवैद्य स्वच्छ पायावर मलम लावून एका रात्रीपुरतं आवरण घालायला सांगतात. सकाळी ते काढतात, पाय धुतात, कोरडा करतात. त्याचा आणि शेण थापून तीन दिवस बांधून ठेवण्याचा काही संबंध नाही.

रोज दोनदा पाइपने धुण्याबद्दल काय लिहायचं! ओलाव्याने झालेल्या रोगाला आणखी पाणी. जोराच्या धारेने खर कातडीत घुसते ती वेगळीच. फेरी मारून आलेल्या घोड्याचा चिखल वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने झाडावा, हे बरं. धुतलाच तर टॉवेलने टिपून पूर्ण कोरडा करावा, खळग्यात बोट घालून खात्री करावी.

पांढऱ्या पायांचं निम्मं खरं आहे. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी नाजूक असते, तिला हे जास्त होतं. पण काळ्या पायांनाही होतं, मी पाहिलंय. उलट फक्त पांढऱ्या भागावरच खपल्या असतील, शेजारचा काळा भाग स्वच्छ असेल आणि उन्हात ते वाढत असेल तर ही चिखलाची भानगड नसून उन्हाची असू शकते. कधी त्यामागे यकृताचा आजार किंवा चरण्यात आलेली विषारी वनस्पती असते. तिथे मलम उपयोगाचं नाही, रक्त तपासावं लागतं. मजकुरात पुढे असंही लिहिलंय की असा घोडा ‘दोषी’ असतो, लवकर विकून टाकावा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेल्या पंचकल्याणीला सारंगखेड्याच्या यात्रेत लोक शुभ म्हणून शोधत फिरतात, आणि त्याच पायांना खपल्या आल्या की तो दोषी? जनावराच्या माथी दोष मारू नका, तबेल्यातली जमीन बघा.

२१ दिवसांचा दावा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण ‘आमच्या घोड्याला गुण आला’ असं शपथेवर सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. मर्कचं पशुवैद्यकीय मॅन्युअल १९५५ पासून निघतंय, जगभरचे पशुवैद्य ते हाताशी ठेवतात आणि इंटरनेटवर ते कोणालाही फुकट वाचता येतं. त्यात या जिवाणूच्या रोगाबद्दल स्पष्ट म्हटलंय की कातडी सतत भिजत राहिली नाही तर बहुतेक जनावरं ३ ते ४ आठवड्यांत आपली आपणच बरी होतात, आणि कोरडी हवा आली की आणखी लवकर. ३ आठवडे म्हणजेच २१ दिवस. पाऊस उघडला, घोडा लंगडतोय म्हणून तबेल्यात बांधून राहिला, पाय कोरडे राहिले आणि तो बरा झाला. श्रेय मिळालं जळक्या ऑइलला. ज्यांच्या घोड्यांचे पाय त्याने सडले त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे घोडा कोरड्या जागी आणायचा. उंचवटा, छप्पर, कोरडा भुसा किंवा पेंढा, ओला झाला की बदलायचा. हे जमलं नाही तर पुढचं सगळं वाया. टाचेवरचे केस बोथट टोकाच्या कात्रीने बारीक कापायचे, म्हणजे हवा लागते. २ ते ४ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडिनच्या साबणद्रवाने फेस करून तो १० मिनिटं तसाच ठेवायचा, तेवढ्या वेळात खपल्या मऊ पडतात. नंतर स्वच्छ पाण्याने फेस पूर्ण काढायचा आणि पाय टिपून कोरडा करायचा. क्लोरहेक्सिडिन नसेल तर बीटाडिन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करायचं. मग सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम पातळ थरात. पहिले काही दिवस रोज, खपल्या येणं थांबलं की मध्ये दिवस सोडून. बरा झाल्यावर पावसात बाहेर काढताना कोरड्या, स्वच्छ टाचेवर व्हॅसलीनचा हात फिरवला तर पाणी कमी मुरतं. तेलकट काहीतरी लावण्यातला खरा भाग एवढाच.

आठवड्यात फरक दिसला नाही, घोडा सारखा पाय आपटत असेल तर खरजेचे बारीक किडेही असू शकतात, त्याचं औषध वेगळं. पाय सुजला, लंगडू लागला किंवा ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. फोनवर सूज कुठपर्यंत चढलीय, ताप किती आणि आधी काय काय लावलंय ते सांगा. जळकं ऑइल लावलं असेल तर तेही सांगा, लपवू नका.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘माणसाला लागत नाही’. लागू शकतो. वारंवार होत नाही, पण हाताला चीर असेल आणि उघड्या हाताने खपल्या काढल्या तर होऊ शकतो. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. काढलेल्या खपल्या तबेल्यात टाकू नका, गोळा करून जाळा, कारण वाळलेल्या खपलीत हा जिवाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. खराऱ्याचा ब्रश आणि टॉवेल प्रत्येक घोड्याचा वेगळा ठेवा. खरारा करणाऱ्या पोराच्या हातावर पुळ्या उठल्या तर त्याला डॉक्टरकडे पाठवा आणि कोणत्या घोड्याच्या पायाला काय झालं होतं तेही डॉक्टरला सांगायला सांगा.