‘खोली वीस अंशावर आहे, मग अडचण काय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

घरी बिअर बनवताना तापमान कसं सांभाळावं या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा राग आला, खोटं कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर पटलं की निम्मी तरी बरोबर आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की एसी लावून खोली २० वर ठेवली, यीस्टच्या पाकिटावर १८ ते २२ लिहिलंय, विषय संपला, फ्रिज, प्रोब (तापमान मोजणारी वायर), कंट्रोलर (ते बघून फ्रिज चालू-बंद करणारा डबा) ही सगळी माझी खेळणी आहेत आणि ती दाखवून मी नवशिक्यांना घाबरवतोय. शिवाय आधी म्हणतो तापमान चढू देऊ नका आणि शेवटी म्हणतो चढू द्या, मग खरं काय?

आधी खोलीचं बघू, कारण घोडं तिथेच पेंड खातंय. पाकिटावरचे १८ ते २२ हे बिअरचं तापमान आहे हो, खोलीचं नाही. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते, आणि ती काही थोडीथोडकी नसते. साधा हिशोब करा. २० लिटर वॉर्ट (बिअर होण्याआधीचं माल्टचं गोड पाणी), ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४८, म्हणजे त्यात साधारण अडीच किलो माल, मुख्यतः साखर, विरघळलेला, त्यातला दीड किलोच्या वर यीस्ट फस्त करतं आणि किलोमागे जवळजवळ ६०० किलोज्यूल उष्णता सोडतं. ती सगळी आतच अडकली तर अख्खी बॅच दहा-अकरा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी भांड्यातून बाहेर जाते म्हणून तेवढं होत नाही, पण फर्मेंटेशन (आंबणं) ऐन भरात असताना बिअर खोलीपेक्षा चार-पाच अंश वर असणं अगदी नेहमीचं. म्हणजे तुमची खोली २० वर आणि बिअर बसलीय २४-२५ वर, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरला त्याचा पत्ताच नाही.

आणि तुम्हीच लिहिलंय की तुमच्या बिअरला ‘हलकी केळ्यासारखी चव’ येते आणि ती तुम्हाला आवडते. आवडत असेल तर प्रश्नच मिटला, चवीला कोण काय बोलणार. पण साध्या पेल एलला (एल प्रकारातली फिकट बिअर) केळ्याचा वास यायला लागला की माझा पहिला संशय तापमानावर जातो. तो वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, आणि बहुतेक एल यीस्ट गरम झाले की तो जास्त बनवतात. अजून वर गेलं की फ्यूजल अल्कोहोल, म्हणजे थिनरसारखा वास आणि घशाला झोंबणारी बिअर. माझ्या पहिल्या दोन बॅच अशाच होत्या, पाहुण्यांनी ग्लास अर्धा ठेवून विषय बदलला.

आता ‘आधी आवरा, मग सोडा’ हे. यात विरोधाभास नाही, पण मी नीट लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. यीस्ट वाढत असतं ते पहिले दोन-तीन दिवस, आणि हे नको असलेले वास मुख्यतः तेव्हाच बनतात, म्हणून तेवढे दिवस डोळ्यात तेल घालून बसायचं. त्याच्याही आधी यीस्ट टाकताना वॉर्ट थंड हवं. २८ वर टाकून ‘सकाळपर्यंत होईल थंड’ म्हणणाऱ्याला सांगतो, नाही होत, एवढं पाणी हवेत निवायला खूप तास जातात आणि तोवर यीस्ट कामाला लागलेलं असतं. नंतर जोर ओसरला की उलटी भीती, बिअर गार पडली तर यीस्ट तळाला जाऊन झोपतं, ग्रॅव्हिटी उतरता उतरता मध्येच अडकते (साखर उरते), लोण्यासारखा वास, म्हणजे डायअॅसिटिल, तसाच मागे राहतो. म्हणून शेवटी दोन-तीन अंश चढू द्यायचे, यीस्ट स्वतःच तो वास साफ करतं. लॅगरमध्ये (थंडाव्यात आंबवतात ती बिअर) तर हे मुद्दाम करतात, १०-१२ वरून १६-१८ पर्यंत नेतात.

‘पूर्वी कुठे होते कंट्रोलर’ हा तुमचा मुद्दा मला आवडला, फक्त तो तुमच्यावरच उलटतो. पूर्वीचे लोक ऋतू बघून बिअर करायचे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी घातली, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर. तळघरांत बर्फ भरून ठेवायचे. पुढे १८७० च्या दशकात जर्मन इंजिनियर लिंडेची थंड करणारी मशीनं आली तेव्हा त्यांचे सुरुवातीचे गिऱ्हाईक ब्रुअरीवालेच होते, उगाच नाही.

खेळण्यांबद्दल मात्र तुम्ही कान टोचलेत ते बरं झालं. कंट्रोलर असला म्हणजे झालं असं नाहीच. माझा प्रोब फर्मेंटरच्या (बिअर आंबते त्या भांड्याच्या) बाजूला टेपने चिकटवलेला असतो, वर स्पंजचा तुकडा, म्हणजे हवेचं नाही, भांड्याचं तापमान कळावं. एकदा रात्री ओल धरून टेप सुटली आणि प्रोब फ्रिजच्या हवेत लोंबकळत राहिला. सकाळी स्क्रीनवर १८.२, मी खूश. सहज फर्मेंटरला हात लावला तर कोमट, त्यावर चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी दाखवतेय २३! कंट्रोलर बिचारा रात्रभर इमानेइतबारे हवा थंड करत होता. तेव्हापासून टेपवर एक पट्टा आवळतो.

तर फ्रिज नसेल तर नको. फर्मेंटर टबात अर्ध्यापर्यंत पाण्यात ठेवा, वरून ओला टीशर्ट चढवा, टोक पाण्यात बुडू द्या, पंखा लावा, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. पहिले तीन दिवस एवढं झेपतं कुणालाही. तेही नको असेल तर क्वाइक यीस्ट घ्या, ते ३० ते ४० मध्ये मजेत काम करतं. पोस्टमधलं ‘फ्रिजशिवाय सुरुवातच करू नका’ हे वाक्य मी काढून टाकलंय, ते खरंच आगाऊपणाचं होतं.

पुढच्या बॅचला एसी तसाच २० वर ठेवा, फक्त एक चिकटपट्टीवाला थर्मामीटर फर्मेंटरवर लावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय दाखवतोय ते इथे टाका. आणि हो, यीस्ट कोणतं वापरलंत तेही लिहा, व्हीट बिअरचं (गव्हाच्या बिअरचं, त्याला केळ्याचा वास असायचाच) निघालं तर केळ्याबद्दल जे बोललो ते सगळं मागे घेतो.