बेसबॉलचा ट्रेड जोखताना

१५ जून २०२५ रोजी बॉस्टन रेड सॉक्सने फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीजना मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यातही हरवले आणि त्याच संध्याकाळी आपला सर्वांत मोठा फलंदाज राफाएल डेव्हर्स याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या हवाली केले. बदल्यात जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो असे चौघे आले. त्यानंतर आम्हा रेड सॉक्सच्या चाहत्यांमध्ये जी वादावादी चालली, ती वाचताना मला सतत जाणवत राहिले की दोन्ही बाजूंचे लोक आकडे बरोबर देत आहेत, पण मोजत आहेत ते भलतेच. डेव्हर्स किती चांगला फलंदाज आहे यावरच सगळे भांडत होते आणि त्याच्या करारात काय लिहिले आहे याकडे फारच थोड्यांचे लक्ष होते.

आयपीएलच्या लिलावांची सवय असलेल्या मित्रांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, लिलाव नसतो. संघाने आपल्या दुय्यम संघांतून तयार केलेला खेळाडू मेजर लीगमधली सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत त्या संघाशी बांधलेला राहतो, आणि या सेवेचा हिशेब इतक्या काटेकोरपणे होतो की मोसमातले १७२ दिवस भरले तरच एक वर्ष धरले जाते. साधारणपणे पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये हे वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते), पुढची तीन वर्षे लवादाच्या पद्धतीने त्याचे वेतन चढत जाते आणि मग तो खुल्या बाजारात कोणाशीही करार करायला मोकळा होतो. मधल्या काळात संघ त्याला दुसऱ्या शहरात पाठवू शकतो आणि बहुतेकदा त्याची संमती विचारली जात नाही. अशा अदलाबदलीत, म्हणजे ट्रेडमध्ये, संघ जे देतो-घेतो ती म्हणजे खेळाडूवरच्या हक्काची उरलेली वर्षे आणि त्या वर्षांसाठी मोजावी लागणारी रक्कम.

चाहत्यांमधले हिशेबी लोक यासाठी एक सोपे गणित वापरतात. एखादा खेळाडू वर्षाला सामान्य बदली खेळाडूपेक्षा किती अधिक विजय मिळवून देतो याचा एक अंदाज असतो, त्याला ‘वॉर’ म्हणतात. खुल्या बाजारात असा एक विजय विकत घ्यायला ८० लाख डॉलर पडतात असे धरू. वर्षाला तीन विजय मिळवून देणाऱ्या आणि हक्काची दोन वर्षे उरलेल्या खेळाडूकडून संघाला ४ कोटी ८० लाख डॉलरचे काम मिळते. त्या दोन वर्षांचे वेतन १ कोटी ३० लाख असेल, तर उरलेले साडेतीन कोटी ही त्याची शिल्लक, आणि समोरच्या संघाने साधारण तेवढ्या शिलकीचे खेळाडू द्यावेत अशी अपेक्षा असते. तोच खेळाडू वर्षाला २ कोटी ४० लाखांच्या करारावर असेल तर त्याचा खेळ तसूभरही न बदलता शिल्लक शून्य होते.

हे गणित मान्य असेल तर डेव्हर्सच्या बदल्यात आलेले चौघे फारसे कमी वाटत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये त्याने दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार केला होता, तो २०३३ पर्यंत चालणार आहे आणि ट्रेडच्या दिवशी त्यातले २५ कोटींहून अधिक द्यायचे बाकी होते. जायंट्सने ती सगळी जबाबदारी उचलली. शिवाय ॲलेक्स ब्रेगमन आल्यावर डेव्हर्सचे तिसऱ्या बेसवरचे क्षेत्ररक्षणाचे स्थान गेले होते, तो केवळ फलंदाजीपुरता उरला होता, आणि ट्रिस्टन कसास जायबंदी झाल्यावर पहिल्या बेसवर उभे राहायला त्याने नकार दिला होता. आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. दहा वर्षांची सेवा आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली, की खेळाडूला कोणताही ट्रेड नाकारण्याचा हक्क मिळतो. डेव्हर्स जुलै २०१७ मध्ये मेजर लीगमध्ये आला, म्हणजे २०२७ मध्ये हा हक्क त्याच्या हातात आला असता. मिळालेली किंमत रास्त होती असे माझे मत आहे. त्याला विकण्याची वेळ का आली, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि तिथे मी संघाच्या बाजूने उभा राहणार नाही, कारण ज्याच्याशी दहा वर्षांचे नाते जोडले त्याच्याशी त्याच्या जागेबद्दल नीट बोलणी करता आली नाहीत ही चूक व्यवस्थापनाची होती.

विकावे की नाही आणि विकले तर भाव बरोबर आला का, या दोन प्रश्नांची सरमिसळ हा माझ्या मते चाहत्यांच्या विचारातला सर्वांत मोठा दोष आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये मूकी बेट्स डॉजर्सकडे गेला, तेव्हापासून ती सरमिसळ बॉस्टनमध्ये अखंड चालू आहे. २०१८ च्या विजेतेपदाचा नायक, त्याच वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच्या बदल्यात ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग! (कट्टर प्रतिस्पर्धी यांकीजच्या डेरेक जीटरवरून नाव ठेवलेला मुलगा बॉस्टनच्या नशिबी यावा, हा वेगळाच विनोद.) पण त्या दिवशी बेट्सवरचा हक्क एकाच वर्षाचा उरला होता, त्या वर्षाचे वेतन २ कोटी ७० लाख डॉलर होते आणि सोबत डेव्हिड प्राइसचा जड करारही पाठवायचा होता, ज्याच्या उरलेल्या ९ कोटी ६० लाखांपैकी निम्मे बॉस्टननेच भरले. एवढ्या मालाला तेवढाच भाव येतो. डॉजर्सने त्याच्याशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे अजिंक्यपद, जिंकली. बॉस्टनला तो करार परवडत नव्हता असे मला कधीच वाटले नाही. म्हणून मी त्या निर्णयाला चूक म्हणतो, पण वाटाघाटी करणाऱ्याला दोष देत नाही.

उरलेल्या वर्षांना किती किंमत असते, हे ह्वान सोटोच्या दोन ट्रेडमधून जितके स्पष्ट दिसते तितके कशातूनच दिसत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सॅन डिएगोला दिले तेव्हा त्याच्यावरचा हक्क २०२४ अखेरपर्यंत होता. जॉश बेलही सोबत गेला, पण सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना असे पाच तरुण, शिवाय ल्यूक व्हॉइट, इतकी भरपाई मिळाली ती मुख्यतः सोटोची. डिसेंबर २०२३ मध्ये, एकच वर्ष उरले असताना, सॅन डिएगोने त्याला ट्रेंट ग्रिशमसह यांकीजना दिले. त्या बदल्यात आलेल्यांत मायकल किंग हा उत्तम पिचर (चेंडू फेकणारा) होता, पण पहिल्या सौद्यातल्या पाच तरुणांची तोड त्या गटाला नव्हती. सोटो तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा होता आणि त्याचा खेळ यत्किंचितही उतरला नव्हता.

गणिताची मर्यादा सुरू होते ती प्रॉस्पेक्टपाशी, म्हणजे अजून मेजर लीगमध्ये न स्थिरावलेल्या होतकरू खेळाडूपाशी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना निरीक्षक २० ते ८० च्या पट्टीवर गुण देतात, त्या गुणांवरून चाहते डॉलरमधली किंमत काढतात आणि मग दोन दशांश स्थळांपर्यंत भांडतात. कोकणात मोहोर पाहून आंब्याच्या बागेचा सौदा होतो, त्यातलाच हा प्रकार आहे. अवकाळी पाऊस भावात धरलेला असतो, पण तो कोणत्या बागेवर पडणार हे कोणालाच माहीत नसते. डिसेंबर २०१६ मध्ये पिचर क्रिस सेलसाठी बॉस्टनने योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक यांच्यासह चौघे शिकागो व्हाइट सॉक्सला दिले. मोंकाडा त्या वेळी देशातल्या सर्वोत्तम प्रॉस्पेक्टमध्ये गणला जात होता आणि ‘भविष्य विकले’ म्हणून पुष्कळ चाहते हळहळले होते. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी सेलनेच घेतला.

आपल्या संघाच्या मुलांवरची माया हा यातला सर्वांत चिवट पूर्वग्रह आहे. चाहत्याने आपल्या प्रॉस्पेक्टची चांगली चेंडूफेक पाहिलेली असते, त्याच्या दुखापतीची सहानुभूतीपूर्ण कारणे त्याला पाठ असतात. दुसऱ्या संघाच्या मुलाचा मात्र केवळ क्रमांक माहीत असतो. डिसेंबर २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर गॅरेट क्रोशे याच्यासाठी काइल टील आणि ब्रेडन माँटगोमेरी यांच्यासह चौघे गेले, तेव्हा टीलसाठी उसासे टाकणारे थोडे नव्हते. क्रोशेने पुढच्या मोसमात १८ सामने जिंकले, २५५ फलंदाजांना स्ट्राइक आउट केले आणि मोसम सुरू झाल्यावर लगेचच सहा वर्षांच्या करारावर सहीही केली. टील चांगला कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा) आहे, त्याचे व्हाइट सॉक्समधले पहिले वर्ष आशादायक गेले. दोन्ही संघांना हवे ते मिळाले, आणि असे ट्रेड सर्वांत लवकर विसरले जातात.

याच्या जोडीला तीन-चार मध्यम खेळाडू देऊन एक मोठा मागण्याची खोड आहे. बेरीज जुळते, म्हणून प्रस्ताव रास्त ठरतो असा समज असतो. मेजर लीगच्या संघात जागा २६ आणि राखीव यादीत ४०, त्यामुळे मध्यम खेळाडू घेणाऱ्याला आपल्याच एखाद्याला काढावे लागते. मैदानात तिसऱ्या बेसवर एका वेळी एकच जण उभा राहतो.

खेळाडूची किंमत कोणत्या संघासाठी आणि कोणत्या आठवड्यात, हे धरल्याशिवाय कोणताही आकडा अपुरा असतो. ३१ जुलै २००४ रोजी बॉस्टनने दोन सौदे केले. एकात नोमार गार्सियापारा गेला, जो शहराचा लाडका होता, आणि ऑर्लांडो काब्रेरा व डग मिंटकेविच आले. चाहते भयंकर संतापले. दुसऱ्यात डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा वेगवान धावपटू आला, त्याच्या बदल्यात हेन्री स्टॅन्ली हा एक दुय्यम संघातला खेळाडू गेला, आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. ऑक्टोबरमध्ये बादफेरीच्या मालिकेत यांकीजविरुद्ध ०–३ असे पिछाडीवर असताना चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात रॉबर्ट्सने मारियानो रिव्हेराच्या चेंडूफेकीवर दुसरा बेस चोरला (फटक्याची वाट न पाहता धावत गाठला), बिल म्युलरच्या फटक्यावर तो बरोबरीची धाव घेऊन आला, आणि बॉस्टनने ती मालिका जिंकून ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज मिळवली. वॉरच्या हिशेबात रॉबर्ट्सचे बॉस्टनमधले ते तीन महिने जवळजवळ शून्य भरतात. (पुढे याच रॉबर्ट्सच्या व्यवस्थापनाखाली बेट्सने डॉजर्सकडून २०२० ची सिरीज जिंकली, हे बॉस्टनच्या माणसाने हसून सोसायचे.)

मग निकालावरून ट्रेड जोखायचाच नाही का? याबाबतीत माझे मत ठाम आहे: सौद्याच्या दिवशी जे ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, त्यावरूनच जोखावा. पण हा नियम व्यवस्थापनाला माफीपत्र देत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये बॉस्टनने जेफ बॅगवेल हा न्यू ब्रिटनच्या दुय्यम संघात .३३३ च्या सरासरीने खेळणारा मुलगा ह्यूस्टनला देऊन ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ डाव उत्तम टाकले, संघ विभागात पहिला आला, आणि मोसम संपल्यावर तो निघून गेला. बॅगवेल पुढे ४४९ होम रन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. तो इतका मोठा होईल हे कोणालाच दिसत नव्हते, कारण मुलाने केवळ चार होम रन मारले होते आणि तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज ठाण मांडून बसला होता. परंतु दोन महिन्यांच्या पिचरसाठी सहा वर्षांचा हक्क देणे हे त्या दिवशीच्या माहितीवरही महागच होते.

याच्या उलट टोकाला डिसेंबर २०२३ मधला सेलचा ट्रेड आहे. चार वर्षांत कोपराची शस्त्रक्रिया, बरगडी, बोट आणि सायकलवरून पडून मनगट, इतके सगळे सोसलेला ३४ वर्षांचा पिचर, वर १ कोटी ७० लाख डॉलर रोख देऊन, अटलांटाला पाठवला आणि व्हॉन ग्रिसम घेतला. सेलने २०२४ मध्ये १८ विजय आणि ३ पराभव अशी कामगिरी करून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तर ग्रिसम दुखापतींमुळे ३१ सामनेच खेळला. आज त्या सौद्याला मूर्खपणा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या डिसेंबरमध्ये सेलसाठी आपला एखादा आवडता प्रॉस्पेक्ट दिला असता, हे मला विचारावेसे वाटते. शिवाय वैद्यकीय कागदपत्रे संघांना दिसतात, आपल्याला नाहीत. बेट्सचा मूळ त्रिपक्षीय सौदा बॉस्टनकडे येणार असलेला पिचर ब्रुसदार ग्रातेरोल याच्या वैद्यकीय अहवालावरूनच मोडला होता.

म्हणून कोणी काल्पनिक ट्रेड सुचवला की मी तो उलट बाजूने वाचतो. जुलै २०२५ मध्ये बॉस्टनकडे आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातले क्षेत्ररक्षक) जास्त झाले होते आणि पिचर कमी पडत होते, तेव्हा जॅरेन डुरान देऊन मिनेसोटाचा पिचर ‘जो रायन’ घ्यावा, असे प्रस्ताव चाहत्यांनी ढिगाने मांडले. डुरानवरचा हक्क २०२८ पर्यंतचा, रायनवरचा २०२७ पर्यंतचा, त्यामुळे आकड्यांत ते जवळपास जुळत होते. पण मोसम सोडून दिलेल्या मिनेसोटाला तेव्हाच तिशीकडे झुकलेला डुरान कशासाठी हवा असेल, याचे उत्तर त्यांपैकी जवळजवळ एकातही नव्हते. मिनेसोटाने त्या आठवड्यात भराभर खेळाडू विकले. रायन तिथेच राहिला आणि डुरानही बॉस्टनमध्येच राहिला.

बॉस्टनने त्याऐवजी डॉजर्सकडून डस्टिन मे घेतला, आणि त्यासाठी दिलेल्या दोघांतला एक होता जेम्स टिब्स, जो दीड महिन्यापूर्वी डेव्हर्सच्या बदल्यात आला होता. ट्रेडची वंशावळ काढण्याचा छंद असलेले चाहते आता डस्टिन मे याला डेव्हर्सच्या खात्यावर मांडतात आणि तो मोसमाअखेर मोकळा झाला म्हणून खाते बुडीत दाखवतात. मला हे पटत नाही. टिब्सला देणे हा नवा निर्णय होता आणि त्याचा जाब वेगळा मागावा. डेव्हर्सचा हिशेब मांडायचा तर त्या २५ कोटींचा मांडावा लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये बॉस्टनचा तरुण खेळाडू रोमन अँथनी याच्याशी झालेला आठ वर्षांचा, १३ कोटी डॉलरचा करार मी त्यातली पहिली नोंद धरतो. बाकीची रक्कम कुठे जाते, हे २०३३ पर्यंत दर हिवाळ्यात पाहता येईल.