आयपी ६६ आणि वर्षभराचे हवामान : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ट्रेल कॅमेऱ्यांच्या, म्हणजे जंगलात झाडाला बांधून ठेवलेल्या आणि प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, टिकाऊपणावरील माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी नीट वाचली. "आयपी ६६ मानांकनाच्या पेटीत पाणी जाऊच शकत नाही, गेले असेल तर लेखकाने झाकण नीट लावलेले नाही आणि स्वतःच्या हलगर्जीपणाचे खापर तो कॅमेऱ्यावर फोडत आहे," असे आपण लिहिले आहे. (आयपी ६६ हे पेटी धूळ आणि पाणी किती अडवते, ते सांगणारे मानांकन आहे.) पुरावा म्हणून, आपण आपल्या कॅमेऱ्यावर पाइपने पाणी मारले आणि थेंबही आत गेला नाही, असे सांगितले आहे. शिवाय थंडीतील सेल, उन्हाचा परिणाम आणि लेखाची लांबी यांवरही आपले आक्षेप आहेत.

मतभेद असावेत, पण ज्याला आपण काम करताना कधी पाहिलेले नाही, त्याला एका ओळीत हलगर्जी ठरवणे मला अजिबात मान्य नाही. वन्यप्राण्यांच्या नोंदींसाठी कॅमेरे लावण्याचे आणि उतरवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. झाकण मिटण्यापूर्वी रबरी सीलवरून बोट फिरवायचे, कारण गवताचे एक कुसळ किंवा एक केस आडवा राहिला तरी पाण्याला वाट मिळते, हा धडा मला या कामातील जुन्या माणसांनी चांगले खडसावून दिलेला आहे. ज्या कॅमेऱ्याविषयी मी लिहिले, त्याच्या सीलवर झाकणाच्या कडेची रेघ चारही बाजूंनी सलग उमटलेली होती. झाकण अर्धवट लागले असते, तर ती कुठेतरी तुटलेली दिसली असती. हे लेखात स्पष्ट लिहिलेले असताना आपण ते वाचलेच नाही, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

आता मानांकनाविषयी. ही मानांकने ठरवणाऱ्या आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ६६ मधील पहिला ६ धुळीसाठी असतो आणि दुसरा पाण्याच्या जोरदार झोतासाठी. साडेबारा मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर पाणी अडीच ते तीन मीटर अंतरावरून सर्व बाजूंनी मारले जाते आणि ही चाचणी किमान ३ मिनिटे चालते. तिचा निकष पाण्याने अपाय होऊ नये एवढाच आहे. थेंबही आत जाणार नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. त्याहून महत्त्वाची अट तापमानाची आहे. चाचणीचे पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, आणि पाणी त्याहून गार असेल तर पेटीच्या आतबाहेरचा दाब समान ठेवण्याची सोय करावी, असे हे मानकच सांगते. उघड्यावर लावलेल्या कॅमेऱ्याला जे रोज सोसावे लागते, नेमके तेच या अटीमुळे चाचणीतून वगळले जाते.

दुपारच्या उन्हात पेटी ४५ अंशांपर्यंत तापली आणि अचानक आलेल्या सरीने २७ अंशांवर उतरली, तर हवाबंद पेटीतील दाब जवळजवळ ६ टक्क्यांनी घटतो. अर्धा मीटर पाण्याखाली जेवढा जादा दाब असतो, तेवढा हा फरक आहे. अशा वेळी बाहेरचे पाणी सीलवरून नुसते ओघळत नाही, तर आत ओढले जाते. आणि खोडावरून उतरणारी धार नेमकी पेटीच्या मागच्या कडेशी आणि बाहेरच्या वीजजोडणीच्या रबरी बुचापाशी साचते. सील नवे आणि लवचीक असेपर्यंत ते हा ताण पेलते. तापणे आणि निवणे हे चक्र महिनोन्महिने चालल्यावर रबर दबून बसते व पूर्वीसारखे उसळून वर येत नाही. घरी, सावलीत, नव्या कॅमेऱ्यावर मारलेले पाइपचे पाणी यातील कशाचीही परीक्षा घेत नाही.

पाण्याचा थेंबही आत न शिरता कॅमेरा ओला होऊ शकतो, हे तर आपण विचारातच घेतलेले नाही. दमट हवेत झाकण उघडून कार्ड बदलले की तीच हवा आत कोंडली जाते आणि रात्री काच गार पडली की तिच्यातील बाष्प काचेच्या आतल्या बाजूला धरते. माझ्या लेखातील त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर पहाटेची छायाचित्रे मध्यभागी दुधाळ होती. तीच चौकट, तेच झुडूप दुपारच्या छायाचित्रांत स्वच्छ होते. आतील सिलिका जेलच्या पुडीचे मणी रंग बदलून चुकले होते, म्हणजे ओल शोषण्याची त्यांची ताकद संपली होती. सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट पापुद्रा धरला होता. काही पेट्यांना दाब समान राखणारी सूक्ष्म छिद्रांची पटल असते. ती पाणी अडवते, बाष्प अडवत नाही. त्यामुळे तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

उन्हाविषयी मी फार थोडे लिहिले, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि खटक्याजवळ, जिथे ताण सर्वाधिक असतो, तिथे तडे जाऊ शकतात, हे सविस्तर यायला हवे होते. थंडीत अल्कलाइन सेल मलूल पडतात आणि लिथियम सेल टिकतात, हे आपण नवा शोध लावल्याच्या थाटात सांगितले आहे, पण माझ्या लेखात ते आहेच. लेखाच्या लांबीवर मला काही म्हणायचे नाही.

पुन्हा आरोप करण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याच्या कार्डावरील पावसाळी आठवड्यातील छायाचित्रे काढा, पहाटेची आणि त्याच दिवशीच्या दुपारची शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि ती इथे टाका. त्यांवर बोलायला मी तयार आहे.